मायलेकींना एकाच बॅचमधे पळू द्या : विदर्भातल्या मॅरेथॉन समित्यांना खुलं पत्र

विदर्भात जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी मॅरेथॉन भरवणाऱ्या सगळ्या समित्या, क्रीडा मंडळं, डॉक्टर लोकांचे रनिंग ग्रुप, आणि ज्यांच्या सहीने शर्यतीचे नियम छापले जातात त्या सगळ्यांना,

स.न.वि.वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आशा सेविका आहे. घरी चार एकर वावर, विहिरीवर थोडंसं ओलित, कपाशी-तूर-हरभरा, आणि एक पोरगी जी आता नववीत आहे. आम्ही दोघी सोबत पळतो. शर्यतीतही आम्हाला सोबतच पळायचं असतं आणि ते तुमच्या नियमात बसत नाही, म्हणून हे पत्र. मागणी आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला टाइम नाही त्यांनी एवढं तरी वाचावं. तुमच्या ५ आणि १० किलोमीटरच्या शर्यतीत आई किंवा बाप आणि लेकरू अशी जोडीची कॅटेगरी ठेवा, दोघांना एकाच बॅचमधून सोडा, आणि निकालाच्या यादीत जोडीचा टाइम लावा. फन रन नको, फॅमिली वॉक नको, टायमिंगवाली खरी शर्यत पाहिजे.

मागच्या हिवाळ्यात एका शहरात आम्ही दोघींनी १० किलोमीटरचा फॉर्म भरला. शहराचं नाव घेत नाही कारण हे काही एकाच ठिकाणी होतं असं नाही, बाकीच्या शर्यतींचे नियमही वाचले मी, सगळीकडे कमी-जास्त तसंच आहे. फॉर्म सगळा इंग्रजीत, मोबाइलवरच भरायचा, तो पोरीनेच भरला. फी दोघींची मिळून हजाराच्या वर गेली, म्हणजे आमच्याकडे बाईमाणसाची दोन-तीन दिवसांची कापूस वेचणी झाली ती. पण भरली. आदल्या दिवशी बहिणीकडे मुक्काम केला, पहाटे अंधारात मैदानावर गेलो, छातीवर नंबर लावले, चारी कोपऱ्याला सेफ्टी पिना, माझ्या पंजाबी ड्रेसवर तो नंबर काही सरळ बसेना तर पोरीने माझी ओढणी आडवी घेऊन कमरेला गच्च बांधून दिली आणि पिना पुन्हा काढून लावल्या. आणि मग माइकवर सांगितलं की अठराच्या आतल्या मुली आधी सुटतील आणि पस्तीसच्या वरच्या महिला त्यांच्यानंतर वीस मिनिटांनी.

मी तिथल्या पोराला विचारलं, दादा आम्ही सोबत पळतो, मला तिच्यासोबत सोड नाहीतर तिला माझ्यासोबत थांबव, बक्षीस नको आम्हाला. तो बिचारा व्हॉलंटिअर, त्याच्या हातात काय असणार, त्याने जाऊन वरच्यांना विचारलं. वरच्यांचा निरोप आला की सोबत पळायचं असेल तर ३ किलोमीटरच्या फॅमिली रनमधे जा, तिथे सगळं चालतं. तीन किलोमीटर तर मी गृहभेटीला गावातून पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, जाते तेव्हा होतात, आणि तेही खांद्यावर औषधाची बॅग घेऊन. तीन किलोमीटर पळायला कोणी हजार रुपये भरून आदल्या दिवशी शहरात येऊन राहतं का?

पोरगी एकटी सुटली. अनोळखी शहर, रस्ता माहीत नाही, दोन वळणांवर कोणी उभं नव्हतं हे मला नंतर पळताना दिसलं. वीस मिनिटांनी मी सुटले ती सगळा वेळ पुढेच पाहत पळत होते. सहाव्या किलोमीटरच्या पाण्याच्या टेबलाजवळ ती उभी दिसली, माझी वाट पाहत. मी म्हटलं अगं तुझा टाइम चाललाय, पळायचं ना पुढे. तर म्हणे, "आई, एकटीनं मजाच नाही येत वं." तिथून पुढे आम्ही दोघी सोबत गेलो आणि सोबतच लाइन ओलांडली. यादीत तिचं नाव पार खाली गेलं कारण तिचं घड्याळ पाण्याच्या टेबलाजवळही चालूच होतं. तेही चाललं असतं मला. पण मग माइकवरच्या भाऊंनी आम्हाला पाहिलं, मायलेकी, मायलेकी, टाळ्या झाल्या पाहिजेत म्हणून स्टेजवर बोलावलं, पाहुण्यांच्या मधे उभं केलं, फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी तोच फोटो शर्यतीच्या जाहिरातीसारखा सगळ्यांच्या मोबाइलवर. हे मला लागलं. फोटोत आम्ही सोबत चालतो आणि यादीत नाही चालत, हे बरोबर नाही हो.

तुम्ही म्हणाल एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय. तर ते माझ्या एकटीच्या पोरीपुरतं नाही.

आमच्या गावात झेडपीची शाळा सातवीपर्यंत. तोवर पोरी पोरांच्या बरोबरीने पळतात, केंद्राच्या आणि तालुक्याच्या खेळात नंबर आणतात, आणि आठवीला बाजूच्या गावच्या हायस्कूलला गेल्या की बंद. तोंडाने कोणी मनाई करत नाही पण बंद होतं. शाळा सुटली की अंधाराच्या आत घरी यायचं, आलं की पाणी-भांडी, पाळी सुरू झालेली असते, अंगात रक्त कमी (शाळेत लोहाच्या निळ्या गोळ्या वाटतात त्या खाल्ल्या का नाही हे पाहायचं कामही आमचंच आहे म्हणून मला माहीत), आणि पहाटे रस्त्यावर पळायला एकट्या पोरीला कोणत्या घरातून सोडतात सांगा. पोट्टे मात्र पळतात. हिवाळ्यात पाच वाजता आमच्या कोणत्याही डांबरी रस्त्यावर गाडी घेऊन या, हेडलाइटमधे पोट्ट्यांचे घोळके दिसतील, कोणी पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करतो, कोणी अग्निवीरची, कोणी वनरक्षकाच्या ५ किलोमीटरची. पोरींनाही भरती व्हायचंच आहे. पोलीस भरतीत त्यांना ८०० मीटर मारायचं असतं, वनरक्षकाला ३ किलोमीटर पळायचं आणि वरून चार तासांत १६ किलोमीटर चालून दाखवायचं असतं. त्याची तयारी त्यांनी करायची कुठं? अकॅडमी लावायची तर शहरात खोली करून राहावं लागतं, तेवढं सगळ्यांच्या घरी जमत नाही.

आणि आमच्याकडे पहाटेची भीती नुसती माणसांची नाही. रानडुक्कर असतं, रोही, म्हणजे नीलगाय, अंधारातून एकदम आडवा येतो, आणि २०१८ साली राळेगाव-पांढरकवडा भागात नरभक्षक ठरवलेल्या अवनी वाघिणीच्या दिवसांत तर लोक वावरात जायलाही घोळका करून जात होते, ते इकडचे आईबाप अजून विसरले नाहीत. त्यामुळे पोरीला पहाटे एकटी सोडत नाही म्हणून मी कोणत्याच आईबापाला नावं ठेवणार नाही.

म्हणून मी निघाले पोरीसोबत. सुरुवातीला पळायच्या हौशीने नाही, सोबत म्हणून निघाले. ती पुढे पळायची, मी मागे भरभर चालायची, मग हळूहळू माझेही पाय लागले. आई सोबत असली की पोरगी कुठे गेली, कोणासोबत गेली हा प्रश्नच राहत नाही. मला मात्र बोलले लोक. "ह्या वयात कायले पयते वं आशाबाई, कोन मांगं लागलं तुह्या?" असं पानठेल्यावरून ऐकू यायचं. सासूबाईंना लाज वाटायची, लोकं काय म्हणतीन एवढंच त्यांचं चालायचं. आता त्याच पहाटे उठून चुलीवर पाणी ठेवतात आमच्यासाठी. पोरीचे बाबा हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच्या लाइनवर वावरात असतात, कृषी पंपाची वीज रात्रीच येते ना आमच्याकडे, तर पाणी देऊन झालं की ते मोटारसायकलचा लाइट लावून कॅनॉलच्या रस्त्याने आमच्या मागे मागे येतात. मग एकेक करत आणखी दोन-तीन घरच्या मायलेकी यायला लागल्या. एका घरी माय नाही तर त्या पोरीचा बाप येतो, पायात प्लास्टिकची चप्पल असते त्याच्या तरी येतो.

म्हणजे मी जे सांगते ते नीट समजून घ्या. शहरात आईबाप आणि लेकरू सोबत पळतात ती कौतुकाची गोष्ट असेल, हेल्थसाठी असेल, रविवार चांगला जावा म्हणून असेल, तेही चांगलंच आहे. खेड्यात मात्र पोरीला पळायला मिळायचा तोच एक रस्ता आहे. तुम्ही शर्यतीत तिला आणि तिच्या आईला वेगवेगळ्या बॅचमधे टाकता तेव्हा तिची परवानगीच काढून घेता. घरी गेल्यावर सासू, काका, शेजारी काय म्हणतात माहीत आहे का? एकटीच पळवली म्हणे पोरीले शहरात. पुढच्या वर्षी मग ती येतच नाही.

आम्ही वेग कसा ठरवतो तेही सांगते, कारण जोडीने पळणं म्हणजे दोघं हात धरून फिरायला जातात असं वाटतं बऱ्याच जणांना. पोरगी पळता पळता पाढा म्हणते, जो कच्चा असेल तो, एकोणिसाचा नाहीतर तेविसाचा. एका लयीत म्हणता आला म्हणजे वेग बरोबर आहे. "एकोणीस पाचे" म्हटलं आणि पंच्याण्णव म्हणायला श्वासच उरला नाही की मी हळू होते, तिला काही न सांगता. मग माझी पाळी येते, माझा पाढा तिच्या आधी तुटतो, तेव्हा ती हळू होते. चढावर ती ओढते, शेवटच्या दोन किलोमीटरला मी ओढते कारण तिला सुरुवातीलाच सगळी ताकद घालवायची सवय आहे आणि मला घरी जाऊन दिवसभर काम करायचंय हे माहीत असल्याने राखून पळायची सवय आहे. हे शिकायला वेळ लागतो, याला जिद्द लागते. मग याचा टाइम लावायला काय हरकत आहे?

तुमची एक हरकत मात्र मला पटते, ती आधीच घेते. आईबाप लेकराला ओढत नेतील, नावासाठी पळवतील. होतं असं. ओडिशातला बुधिया सिंग चार वर्षांचा होता, २००६ साली त्याला पुरीहून भुवनेश्वरपर्यंत ६५ किलोमीटर पळवलं, देशभर टाळ्या वाजल्या, नंतर सरकारला त्याचं लांब पळणं थांबवावं लागलं. अमेरिकेत सिनसिनाटीच्या फ्लाइंग पिग मॅरेथॉनमधे २०२२ ला सहा वर्षांचं लेकरू आईबापासोबत पूर्ण ४२ किलोमीटर गेलं, आठ तासांहून जास्त वेळ लागला त्याला, त्यावर खूप वाद झाला आणि मग आयोजकांनी अठराची अट कडक पाळायचं ठरवलं. बरोबरच केलं. आपल्या मुंबईच्या मॅरेथॉनलाही ४२ किलोमीटरला अठरा वर्षांची अट आहे, दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्सला तर वीस. मी कुठे म्हणते लेकरांना ४२ नाहीतर २१ पळवा म्हणून? आमच्या पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, डॉक्टर मॅडमना मी विचारलं तर त्या म्हणाल्या वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी जिथे वाढ होते तो भाग कच्चा असतो, फार पळवलं की टाच दुखते, गुडघ्याच्या खाली दुखतं, आणि दुखतंय म्हटल्यावर थांबायचंच, गोळी देऊन पळवायचं नाही. त्यांच्याशी बोलून मला जे पटलं ते असं की बाराच्या आतलं लेकरू ३ किलोमीटरवर ठेवा, बारा-तेराचं ५ वर, चौदा पूर्ण झाल्यावर १०, आणि त्याच्या पुढे अठरापर्यंत काही नाही. तुमच्याकडे यापेक्षा जाणकार डॉक्टर आहेत, त्यांना बसवा आणि आकडे ठरवा, मी अडून बसणार नाही.

आणि ओढत नेण्यावर उपाय नियमातच आहे. जोडीचा टाइम म्हणजे जो मागून लाइन ओलांडेल त्याचा टाइम. आई पुढे गेली तर तिचा काहीच फायदा नाही, लेकराला थांबावंच लागेल तिला. मधल्या पाण्याच्या टेबलांवर दोघांचे नंबर सोबत दिसले नाहीत तर जोडी बाद. आणि लेकरू म्हणालं बस झालं, तर तिथेच दोघांची शर्यत संपली, तिथून गाडीने परत आणायची सोय तुमची. एवढे नियम छापले तर नावासाठी पळवणारे आपोआप गळतील.

आता माझ्या कामातली एक गोष्ट, जी मला कोणत्याच शर्यतीच्या फॉर्मवर दिसली नाही. सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात तो आजार. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, आणि आमच्या जिल्ह्यातही, विदर्भात राहून सिकलसेल माहीत नाही असं म्हणता येत नाही. आम्ही घरोघरी जाऊन तपासणीसाठी नावं लिहितो, २०२३ च्या जुलैपासून तर केंद्राचं सिकलसेल निर्मूलनाचं मिशनच सुरू आहे. ज्याला आजार आहे त्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय लांब पळूच नये. जो नुसता वाहक आहे, म्हणजे आई किंवा बाप एकाकडूनच ज्याच्यात तो दोष आलाय, त्याला एरवी काही होत नाही, शेतात राबतो, सगळं करतो, पण उन्हात, पाणी कमी पिऊन, दम तुटेस्तोवर पळाला तर त्यालाही धोका होऊ शकतो. डॉक्टर मॅडम सांगत होत्या की अमेरिकेत वरच्या गटातल्या कॉलेज खेळाडूंसाठी २०१० पासून सिकलसेलच्या तपासणीचा नियम आहे. आपल्याकडे, जिथे हा आजार एवढा आहे, तिथे फॉर्मवर टी-शर्टचा साइज विचारतात, ब्लड ग्रुप विचारतात आणि हे नाही विचारत. हा आजार आईबापाकडूनच लेकराकडे येतो, तेव्हा जोडीच्या फॉर्मवर एकाच ओळीत दोघांचंही विचारून होईल. वाहक आहे म्हणून कोणाला काढू मात्र नका, नाहीतर लोक लपवतील, आम्ही एवढ्या वर्षांत कसंबसं लोकांना बोलतं केलंय. फक्त त्याच्या नंबरवर एक खूण करा, ती मेडिकलवाल्यांना कळली पाहिजे, आणि त्याला सांगा की पाणी जास्त प्यायचं, जोर लावायचा नाही.

पाण्यावरून आठवलं. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात टाकायचं असतं. त्या शर्यतीत टेबलावरची पोरं अख्खं पाकीट एका छोट्या बाटलीत टाकून देत होती, चांगल्या मनाने देत होती, पण तसं प्यायलं तर उलटी होते, लेकरांना तर नक्कीच. आदल्या दिवशी अर्धा तास कोणत्याही आशाताईला बोलवा, ती शिकवून देईल. पाकीट नसलं तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे आमच्याकडे कोणत्याही घरी पाठ आहे. आणि फेब्रुवारी उलटल्यावर शर्यत ठेवूच नका लेकरांची. मे महिन्यात ४५ च्या वर जाणारा आमचा मुलूख, इथे ऊन मार्चपासूनच चटका देतं, साडेआठ वाजले की रस्ता तापायला लागतो.

बायांसाठी रस्त्यावर आडोसा पाहिजे हेही स्पष्ट लिहिते, लाजायचं काही कारण नाही. १० किलोमीटरच्या रस्त्यावर एकही संडास-बाथरूम नव्हतं, सुटायच्या जागेवर होतं तिथे बाया-पुरुषांची एकच लाइन. पाळीतल्या पोरीने काय करायचं?

पोरीने मला मोबाइलवर अमेरिकेतल्या डिक आणि रिक हॉइट या बापलेकांचं दाखवलं होतं, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. रिकला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, हातपाय हलत नाहीत, बोलता येत नाही, कॉम्प्युटरवरून बोलायचा. १९७७ साली त्याने बापाला सांगितलं की एका जखमी खेळाडूसाठी पाच मैलांची शर्यत आहे त्यात आपण जाऊ. बाप काही पळणारा नव्हता, तरी व्हीलचेअर ढकलत पूर्ण आठ किलोमीटर गेला. शर्यत झाल्यावर पोराने सांगितलं की पळताना मला अपंग असल्यासारखं वाटतच नाही. झालं, तिथून ते थांबलेच नाहीत, हजारावर शर्यती केल्या सोबत. बॉस्टनच्या मॅरेथॉनवाल्यांनी सुरुवातीला त्यांना अधिकृत प्रवेश दिला नव्हता, नियमात बसत नाही म्हणून. पुढे त्याच बॉस्टनला ते बत्तीस वेळा पळाले आणि शर्यत जिथून सुटते त्या हॉपकिंटन गावात २०१३ मधे दोघांचा पुतळा बसवला. बाप २०२१ ला गेला, पोरगा २०२३ ला. त्याच बॉस्टनमधे १९७२ च्या आधी बायांनाही अधिकृत पळू देत नव्हते, आणि ऑलिम्पिकमधे बायांची मॅरेथॉन आली ती थेट १९८४ ला. म्हणजे नियमात बसत नाही हे उत्तर शर्यतवाले फार वर्षांपासून देत आलेत, आणि प्रत्येक वेळी शेवटी नियमच बदलावा लागला.

आपल्याकडे तर सोबत चालायची सवय जुनीच आहे. शेगावच्या पायी वारीला लेकरू एका वर्षी बापाच्या खांद्यावर असतं, चार वर्षांनी बापाचं बोट धरून चालतं, पुढे म्हाताऱ्या बापाची पिशवी तेच घेतं, कोणी त्यांना वेगळ्या दिंडीत टाकत नाही. शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, अख्खी घरंच्या घरं बैलगाडीत बसून जातात. बुलढाण्याकडून बारामतीला जाऊन राहिलेल्या लताबाई करे नवऱ्याच्या तपासणीच्या पैशासाठी नऊवारीत अनवाणी पळाल्या आणि जिंकल्या, त्यांना कोणी अकॅडमीत शिकवलं नव्हतं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची माणसं १९३६ ला बर्लिनच्या ऑलिम्पिकपर्यंत जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली. अशा मुलखात शर्यतीचे नियम ठरवताना आपण आपल्या माणसांकडे पाहून ठरवू शकत नाही का?

खर्चाचं म्हणाल तर यात तुम्हाला फारसं काही जास्तीचं करायचं नाही. जोडीला एकच फी ठेवा, खेड्यातून येणाऱ्याला निम्मी. टी-शर्ट नाही दिलं तरी चालेल, खरंच सांगते, एका टी-शर्टच्या पैशात एका पोरीची फी निघते. मेडल द्या, ते पोरी घरी भिंतीला लावतात आणि ते पाहून बाजूच्या घरची पोरगी आईला विचारते. रोख बक्षीस जोडीच्या कॅटेगरीत ठेवू नका असंच माझं मत आहे, पैसा आला की वय लपवणं आणि लेकराला ओढणं दोन्ही सुरू होईल. फॉर्म मराठीत काढा आणि तालुक्याच्या पंचायत समितीत, हायस्कूलच्या खेळाच्या सरांकडे कागदावरही ठेवा. आणि माय नसेल, बाप नसेल तर आजी, मावशी, काका, मोठी बहीण चालेल असं लिहा. आमच्या भागात कर्जापायी बाप गेलेली घरं आहेत, त्या लेकरांना फॉर्मवरचा पालकाचा रकाना पाहूनच मागे फिरावं लागू नये.

तुमच्या पुढच्या सीझनच्या तारखा दिवाळीच्या आसपास निघतात. त्या आधी तुमच्या मीटिंगमधे हा विषय घ्या. कोणत्याही एका समितीने आधी करून पाहिलं तरी चालेल, तिथे आम्ही येऊ. आमच्याकडच्या मायलेकींना मी सांगून ठेवलंय की जोडीचा फॉर्म ज्या शहराचा निघेल त्याच शहराचा भरायचा, आणि तो चप्पलवाला बापही म्हणाला की तेव्हा बूट घेतो.

आपली,
एक आशा सेविका आणि एका धावणाऱ्या पोरीची आई,
जि. यवतमाळ

ता.क. : शर्यत सहाला सुटते आणि आमच्या गावची मुक्कामी एसटी सकाळी साडेसहाला निघते. २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं ते चांगलंच झालं, पण गाडीच नाही तर तिकिटाचं काय करायचं. खेड्यातून येणाऱ्या जोड्यांना आदल्या रात्री झोपायला एखाद्या शाळेची खोली उघडून द्या, सतरंज्या आम्ही आणू. खोलीला आतून कडी आणि बाहेर लाइट मात्र पाहिजे.